नाणं झिजतं, वाढत नाही

टुलिओला जाऊन सात महिने झाले होते, आणि आज एकतीस वर्षांनी त्याची बायको झोर्झेतांच्या दारात उभी होती. एका हातात गुबाना केकची पिशवी, दुसऱ्या काखेत चपटी लाकडी पेटी. दार ओंदिनानं उघडलं खरं, पण उघडल्यावर काय करायचं ते तिला क्षणभर सुचेना.

"आत ये म्हणणार आहेस, की मी इथंच थंडीत उभी राहू?" नीवेस काकू म्हणाली.

ओंदिना बाजूला सरली. काकूच्या कोटाला शेवंतीचा आणि मेणबत्तीचा वास येत होता. सर्व संतांचा दिवस होता. सकाळी अख्खं अक्विलेया गाव दफनभूमीत जाऊन आलं होतं. झोर्झेतही जाऊन आले होते, पण ओंदिनाच्या बाबांनी, ओरेस्तेंनी, आपल्या आईवडिलांच्या कबरीवर फुलं ठेवली, बायकोच्या कबरीवर ठेवली, आणि चार पावलांवरच्या धाकट्या भावाच्या नव्या दगडाकडे पाठ करून गुडघा दुखतोय म्हणाले. अंत्यविधीच्या दिवशीही त्यांचा तोच गुडघा दुखला होता.

काकूला बोलवायचं ठरवलं ते फुल्विओनं. ओंदिनाचा हा धाकटा भाऊ उदिनेला विमा कंपनीत होता आणि घरातली भांडणं त्याला रस्त्यावरच्या अपघातांसारखी वाटत. दोन्ही पक्षांना बसवून कागदावर सही घेतली की मिटतात. आजोबांचा, आन्सेल्मो झोर्झेत यांचा, रोमन नाण्यांचा संग्रह गावच्या वाचनालयाला द्यायचा होता. वाचनालयानं काचेचं कपाट करून ठेवलं होतं. आजोबांमागे त्या संग्रहाच्या दोन वाटण्या झाल्या होत्या, थोरल्या ओरेस्तेंची आणि धाकट्या टुलिओची. आता दोन्ही वाटण्या एकत्र याव्यात अशी वाचनालयाची इच्छा होती, आणि टुलिओची वाटणी काकूच्या काखेतल्या त्या पेटीत होती.

बाबा खुर्चीत ताठ बसून होते. ब्याऐंशीचं वय, डोळ्यांच्या मध्यभागी कायमचा धुरकट डाग. माणसाकडे बघायचं तर त्यांना मान वळवून कडेनं बघावं लागे. तसं त्यांनी काकूकडे पाहिलं.

"बस, नीवेस."

"बसते, भाऊजी."

इतक्या वर्षांनी एवढंच बोलणं झालं. ओंदिनानं मनात म्हटलं, हेही काही कमी नाही.

भांडण कशावरून झालं होतं ते घरात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. आजोबांकडे सम्राट त्रायानची दोन चांदीची नाणी होती, दोन्ही एकाच छापाची. पुढे राजाचं डोकं, मागे हातात तराजू घेतलेली देवी, आणि कडेच्या अक्षरांत राजा पाचव्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असल्याची नोंद. तो पाचव्यांदा कॉन्सल झाला इसवी सन एकशे तीनमध्ये आणि सहाव्यांदा एकशे बारामध्ये, म्हणजे दोन्ही नाणी मधल्या नऊ वर्षांतली. एक इतकं देखणं की राजाच्या केसांची बट न् बट मोजावी. दुसरं दीडशे वर्षं बाजारात फिरून गुळगुळीत झालेलं. घरात त्यांना देखणा आणि झिजका अशीच नावं पडली होती.

पंच्याऐंशी साली गोरित्सियाच्या नाणेमंडळात व्याख्यान द्यायला म्हणून टुलिओ काका बाबांच्या वाटणीतला देखणा मागून घेऊन गेला आणि तीन आठवड्यांनी कापसात गुंडाळून परत घेऊन आला. नाण्यावरची जुनी काळसर झाक गेली होती. चेहरा परका वाटत होता, आणि राजाच्या कानामागे तांबडा ठिपका दिसत होता. बाबांनी ते तराजूत टाकलं. नाण्याखालच्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात वजन होतं तीन ग्रॅम बारा. काट्यानं दाखवलं दोन ग्रॅम अडुसष्ट. म्हणजे आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा, जुन्या काळच्या खोटं नाणं पाडणाऱ्याचं काम. बाबांचा निवाडा तिथल्या तिथं झाला: टुलिओनं खरं नाणं ठेवून घेतलं आणि तसंच दिसणारं खोटं आणून दिलं. टुलिओ म्हणाला, हे तुझंच आहे. त्यापलीकडे तो एक शब्द बोलला नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करणारे, केसाएवढी चूक पकडणारे. काका शाळेत चित्रकला शिकवणारा, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा. कोणाचं खरं मानायचं याचा घरात कोणाला प्रश्नच पडला नाही.

ओंदिनाला तेव्हा एकविसावं होतं. नाण्यावरची अक्षरं वाचायला तिला काकानंच शिकवलं होतं, मानेच्या डाव्या बाजूला खालून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे वर जायचं. त्या भांडणानंतर एकदा चेर्विन्यानोच्या बाजारात तो समोरून आला आणि तिनं रस्ता ओलांडला. तो थांबला होता, हात अर्धा वर केला होता त्यानं. हे तिनं कोणालाच कधी सांगितलं नव्हतं.

फुल्विओनं जेवणाआधीच पेटी उघडवली. माणसं नाण्यांवर बोलायला लागली की एकमेकांवर बोलणार नाहीत असा त्याचा हिशेब. तो काही काळ बरोबरही ठरला. निळ्या मखमलीवर काकाच्या वाटणीची चौतीस नाणी बसली होती, प्रत्येकाखाली तिरप्या, घाईच्या अक्षरातली चिठ्ठी. बाबांना राहवेना. त्यांनी हात पुढे केला.

"पहिलं कोणतं? दाढीवाला आहे ना, हाद्रियान? ओंदिना, मागचं सोड, पुढची अक्षरं वाच. शेवटी दोन पी आहेत का बघ."

"आहेत."

"म्हणजे राष्ट्रपिता. तो किताब त्यानं एकशे अठ्ठावीसमध्ये घेतला. त्याच्या आधीचं नाही हे नाणं." मग थोडं थांबून, जणू फार महत्त्वाचं नसल्यासारखं, "चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यानं?"

"एकशे अठ्ठावीसनंतर."

बाबांनी पुढच्या नाण्याकडे बोट केलं. पण अशी सहा नाणी झाली, आणि सहाव्याला त्यांच्या तोंडून "बरोबर आहे" निघून गेलं. काकू खिडकीबाहेर बघत होती. तिच्या हातातला रुमाल गोळा झालेला ओंदिनाला दिसला.

सगळं बिघडलं ते मक्याच्या पिठाची पोलेंता ताटात पडल्यावर. काकू म्हणाली, पेटी आजच ठेवून जाते, मला काही नको, फक्त कपाटावरच्या पाटीवर दोन्ही मुलांची नावं असावीत. आन्सेल्मो झोर्झेत यांचा संग्रह, जतन करणारे ओरेस्ते आणि टुलिओ. फुल्विओनं लगेच मान हलवली. एवढं तर व्हायलाच हवं. बाबांनी जेवणाचा काटा खाली ठेवला.

"वडिलांचं नाव पुरे."

"मग तुमचंही नको," काकू म्हणाली.

"माझं कशाला नको? मी एकही नाणं इकडचं तिकडं केलं नाही."

ते ऐकून काकूनं फार शांतपणे पेटीचं झाकण लावलं. ती म्हणाली की ती जेवून जाईल, कारण फुल्विओनं मनापासून बोलावलंय, पण पेटी तिच्याबरोबरच परत जाईल. फुल्विओ दोघांची समजूत काढायला लागला. पाटी नंतर ठरवू, अक्षरं लहान करू, असलं काहीबाही. बहिणीनं आपल्या बाजूनं बोलावं म्हणून तो तिच्याकडे बघत होता. ओंदिनाला बाबांची बाजू घेववेना आणि काकूची घ्यायची सवय नव्हती. यादीतली शेवटची पाच नाणी राहिलीत, सोमवारी द्यायचीत, असं पुटपुटून ती शेजारच्या खोलीत गेली.

वाचनालयाला प्रत्येक नाण्याचा राजा, साल आणि वजन हवं होतं. सप्टेंबरपासून ती आणि बाबा रोज दुपारी बसत. ती वाचायची, ते साल सांगायचे. वजन मात्र ती जुन्या चिठ्ठ्यांवरून उतरवत नव्हती. औषधांच्या दुकानात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायची सवय नसते. तिथूनच आणलेल्या छोट्या काट्यावर ती एकेक नाणं ठेवत गेली. तिसऱ्याला झिजक्याची पाळी आली.

तीन ग्रॅम बारा.

तिनं चिठ्ठी बघितली. बाबांचं अक्षर, टाकानं कोरल्यासारखं. त्रायान, पाचवा कॉन्सल, झिजलेलं, दोन ग्रॅम अडुसष्ट.

काटा बिघडला असं तिला वाटलं. काट्याबरोबर आलेलं पाच ग्रॅमचं वजन ठेवलं, बरोबर पाच. नाणं पुन्हा ठेवलं. तीन ग्रॅम बारा. मग तिनं चिठ्ठी पुन्हा हातात घेतली, कारण दोन अडुसष्ट हा आकडा या घरात सगळ्यांना तोंडपाठ होता, पण तो झिजक्याचा म्हणून नव्हे. खालच्या खणात, वेगळ्या पाकिटात, देखणा पडून होता. पंच्याऐंशीपासून त्याला मखमलीवर जागा नव्हती. तिनं तो काढून काट्यावर ठेवला. दोन ग्रॅम अडुसष्ट.

ती खाली बसली. आजोबा गेले त्या हिवाळ्यात बाबांनी सगळी नाणी एकट्यानं तोलली होती, एकट्यानं लिहिली होती. देखणा आणि झिजका शेजारी शेजारी पडलेले असणार, एकाचा आकडा दुसऱ्याच्या चिठ्ठीवर गेला. आणि चूक कोणाला दिसणार? झिजलेलं नाणं हलकं असणारच, ठसठशीत नाणं भारी असणारच. आकडे आपापल्या जागी शहाण्यासारखे बसले. म्हणजे देखणा पहिल्यापासून आतून तांब्याचाच होता. पुढे सात वर्षांनी बाबांनी तो तोलला तेव्हा शेजारच्या चिठ्ठीवर तोच आकडा होता, एक वीत अंतरावर. पण रागावलेला माणूस एकच चिठ्ठी वाचतो.

फुल्विओ चीज-बटाट्याचा फ्रिको उलटायला म्हणून स्वयंपाकघरात आला होता. तिनं त्याला गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यानं आधी विश्वास ठेवला नाही, मग ठेवला, आणि मग गॅस बंद करून तव्याकडे बघत राहिला.

"ताई, नको सांगूस," तो म्हणाला. "काका गेला. त्याला आता याचा काय उपयोग? बाबांचं मात्र जे काही उरलंय ते नासेल. काकूला आपण पाटी देऊ, मी बाबांना पटवतो."

"कसं पटवशील?"

"म्हणेन मोठ्या मनानं माफ करा."

ओंदिनाला हसू आलं. "कोणी कोणाला माफ करायचं रे?"

तो वाईट माणूस नव्हता. बापाला सांभाळायला बघत होता. पण तिच्या डोळ्यांपुढे चेर्विन्यानोचा रस्ता होता आणि अर्धा वर झालेला एक हात. ती काटा उचलून जेवणाच्या खोलीत गेली. फुल्विओ तिच्या मागोमाग आला, हातात झारा तसाच.

तिनं काटा टेबलावर ठेवला आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली, "बाबा, झिजका तोलला मी."

"बरं."

"तीन ग्रॅम बारा."

बाबांनी मान वळवून कडेनं तिच्याकडे पाहिलं. "काटा चुकतोय तुझा."

"तपासला."

"चिठ्ठीवर काय आहे?"

"दोन अडुसष्ट. तुमच्या हातचं."

बाबांचा चेहरा बराच वेळ तसाच होता, घड्याळ उघडून कुठे अडलंय ते शोधताना असायचा तसा. त्यांनी हात पसरला. तिनं दोन्ही नाणी त्यांच्या दोन तळव्यांवर ठेवली. त्यांनी ती वरखाली केली, हातांची अदलाबदल केली, पुन्हा वरखाली केली. हे ते गेल्या एकतीस वर्षांत कधीही करू शकले असते. मग म्हणाले, "परत तोल." तिनं तोललं आणि आकडा वाचला. "फुल्विओ, तू वाच." फुल्विओनं वाचला. तिसऱ्यांदा काकूला वाचायला सांगितलं. काकूनं चष्मा लावला, वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"नाणं झिजतं," बाबा म्हणाले. "वाढत नाही."

फुल्विओ मध्ये काहीतरी म्हणणार होता, ओंदिनानं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"त्यानं बदललं नव्हतं, नीवेस. आकडे मी चुकवले. चोर म्हटलं मी त्याला, आणि चूक माझी होती."

ओंदिनाला वाटलं होतं, काकू रडेल किंवा बोलेल खूप. तिनं दोन्ही केलं नाही. रुमालाची घडी घालत ती म्हणाली की हे पुरतं तसं नाही, आणि आज खरं बोलायचं ठरलंच आहे तर तिचंही ऐकून घ्या. टुलिओनं नाणं बदललं नव्हतं, पण साफ केलं होतं. व्याख्यानात चकाकावं म्हणून स्वयंपाकघरातल्या सोड्याच्या पाण्यात टाकलं. काढलं तर काळी झाक गेलेली आणि कानामागे तांबडा ठिपका. तो इतका घाबरला की तीन आठवडे ते परत करायचं धाडस होईना. भाऊ ओरडेल म्हणून घाबरला, पंचेचाळीस वर्षांचा घोडा.

"मग सांगितलं का नाही त्यानं?" बाबांचा आवाज एकदम चढला. "सोडा म्हणाला असता तर मला कळलं असतं ना! पत्रा पातळ असला की उघडा पडतो. कळलं असतं मला!"

"तुम्ही 'काय झालं' असं विचारलं असतंत, तर सांगितलं असतं त्यांनी. घरून तेच ठरवून निघाले होते. तुम्ही विचारलंत, 'माझं कुठंय?'"

बाबांनी टेबलावरचा काटा दूर सारला.

"नंतर चोर शब्द आला," काकू म्हणाली. "त्यानंतर सोड्याचं काय सांगणार? म्हणायचे, आता सांगितलं तर सुटण्यासाठी बनवलेली गोष्ट वाटेल. मीही सांगत होते, जा, बोला. मग मीही सोडून दिलं. हट्टीपणा तुमच्या घरात वडिलोपार्जित आहे, भाऊजी. त्याची वाटणी अगदी सारखी झाली."

फ्रिको थंड झाला होता. तरी फुल्विओनं तो कापून सगळ्यांना वाढला, आणि सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला, कारण दुसरं काय करावं ते कोणालाच कळत नव्हतं. मग काकू बशा उचलायला लागली. ओंदिना तिच्या मागून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून, तिच्याकडे न बघता, बाजारातल्या त्या दिवसाचं सांगून टाकलं. काकूला ते माहीत होतं. टुलिओ घरी येऊन म्हणाला होता, ओंदिनानं रस्ता ओलांडला. पोर बापाच्या बाजूनं उभी राहिली, राहायलाच हवी.

"रागावला नव्हता?"

"नव्हते. पण त्या दिवशी जेवले नाहीत." काकूनं बशी पुसून बाजूला ठेवली. "मी तुला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही, ओंदिना."

"नको सांगूस," ओंदिना म्हणाली. थोड्या वेळानं काकूनं दुसरी बशी तिच्या हातात दिली.

त्या बाहेर आल्या तेव्हा बाबा दारापाशी टोपी घालून उभे होते आणि कोटाची बाही चाचपडत होते. फुल्विओ त्यांना सांगत होता, बोराचा गार वारा सुटलाय, उद्या गाडीनं नेतो. ते ऐकत नव्हते. पाचला फाटक बंद होतं, एवढंच म्हणत होते. शेवटी काकूनं त्यांच्या हाताखाली बाही धरली.

"घाला हात. मी नेते. माझ्याच गाडीनं यावं लागेल, आणि मी हळू चालवते."

ओंदिना मागच्या सीटवर बसली. दफनभूमीत गर्दी ओसरली होती, वाऱ्यानं अर्ध्या मेणबत्त्या विझल्या होत्या आणि दोनचार म्हाताऱ्या वाकून त्या पुन्हा पेटवत होत्या. बाबा सकाळी जिथून मागे फिरले होते तिथं आले, आणि या वेळी पुढे गेले. नव्या दगडावर काकाचा फोटो होता, चष्मा कपाळावर. बाबांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पण डोळ्यांतला डाग नेमका फोटोवर येत असावा. मागे काकू आणि ओंदिना वाट बघत होत्या. माफी मागतील, प्रार्थना म्हणतील, कदाचित काहीच बोलणार नाहीत.

"नीवेस," शेवटी त्यांनी विचारलं, "सोड्यात किती वेळ ठेवलं होतं त्यानं?"

"रात्रभर."

बाबांच्या खांद्यांना हिसका बसला. ते दगडाच्या कडेवर, ओल्या शेवंत्यांच्या शेजारी, बसले.

"पाच मिनिटं ठेवायचं असतं, गाढवा," ते म्हणाले. "पाच मिनिटं." आणि तोंडावर टोपी धरून रडायला लागले.